धर्मशाळेची मागची भिंत

ड्रोन धर्मशाळेच्या कौलांवर घिरट्या घालत होता आणि सारे गाव माझ्याकडे पाठ करून वर पाहत होते. मी मात्र लॅपटॉपवर छत्री धरून उभा होतो.

"सर, थोडी डावीकडे घ्याल का? स्क्रीनवर ऊन येतंय," मृण्मयी म्हणाली. ती मुंबईहून आलेली आर्किटेक्ट होती, वयाने माझ्या धाकट्या मुलीएवढी. मी छत्री डावीकडे घेतली.

दिवेआगरच्या अलीकडे, खाडीकाठी हे छोटे गाव आहे. शिवालय, त्याची पुष्करणी, मिठाची जुनी चौकी आणि वादळात निम्मी कौले उडालेली ही धर्मशाळा, एवढेच त्याचे वैभव. जुन्या वास्तूंच्या नोंदी करण्यात माझी सारी नोकरी गेली. निवृत्तीनंतरही लिस्टिंगच्या कामासाठी मला बोलावतात. लिस्टिंग म्हणजे संरक्षित वास्तूंच्या यादीत नाव चढवणे. एकदा नाव चढले की परवानगीवाचून तिथला दगडही हलवता येत नाही.

सरपंच आप्पा माझ्याजवळ आले. "गुरुजी, तुम्ही तीन दिस वहीत लिवताय. बाईंनी चहा गार व्हायच्या आत समदं उरकलं."

मी हसलो. लहानपणी पाठशाळेत षड्रिपूंची नावे मी घोकली होती. मत्सर त्यात शेवटचा येतो. त्या दिवशी तो सर्वांत आधी आला.

त्याच दिवशी, सोमवारी संध्याकाळी, पुष्करणीवर संध्या आटोपून मी धर्मशाळेच्या मागच्या बाजूने परतत होतो. मागची भिंत सिमेंटची दिसत होती. मृण्मयीने तिची नोंद 'अलीकडील बांधकाम, जतनमूल्य नाही' अशी केली होती. आप्पांना ते सोयीचे होते. भिंत गेली असती तर त्यांच्या होमस्टेला येणाऱ्या गाड्या थेट अंगणात आल्या असत्या. एके ठिकाणी तळहाताएवढा सिमेंटचा पापुद्रा निघाला होता. तांब्यातले उरलेले पाणी मी तिथे शिंपडले. सिमेंटवरून पाणी ओघळून जाते. जुना चुना ते पितो. इथे पाणी क्षणात आत जिरले. मग मी बोटाच्या पेराने भिंत ठोकत गेलो. सारख्या अंतरावर सात ठिकाणी पोकळ आवाज आला.

अंगणात हिराबाई सुकट पालथी करत होत्या. कोळीवाड्यातल्या त्या सर्वांत वडीलधाऱ्या बाई. मी त्यांना विचारले.

"व्हय, दिव्याचे कोनाडे व्हते थितं," त्या म्हणाल्या. "सात घरांचे सात. खाडीकडून तिसरा आमचा. होडी भाएर पडली की दिवा लावायचा, परत आली की इझवायचा. मंग कुनीतरी सिमेंट थापलं. आता मी खाली, भिंतीच्या बुडाशी ठेवते."

"हे मृण्मयीबाईंना सांगितलंत का?"

"त्यांनी इचारलं न्हाय. त्या वरून बघत व्हत्या."

हे वाक्य मला फार गोड लागले. अंगणाच्या दुसऱ्या टोकाला मृण्मयी आपले सामान आवरत होती. मला तिला लगेच सांगता आले असते. मी सांगितले नाही. शुक्रवारी यादी ठरवणाऱ्या समितीचे साहेब साइट व्हिजिटला येणार होते. त्यांच्यासमोर, सर्वांच्या देखत तांब्याभर पाणी शिंपडायचे, असे मी ठरवले. त्या रात्री जपाला बसलो असताना ओठांवर नाम होते आणि मनात त्या प्रसंगाची वाक्ये जुळत होती.

गुरुवारी साहेबांचा फोन आला.

"गुरुजी, उद्याची व्हिजिट कॅन्सल. मृण्मयीचा रिपोर्ट इतका व्यवस्थित आहे की यायची गरजच नाही. मी अप्रूव्ह करून ग्रामपंचायतीला पाठवलाही. तुमचं काही वेगळं म्हणणं?"

हा प्रश्न त्यांनी मला स्पष्ट विचारला होता. तिची स्तुती मला झोंबली होती. "नाही," मी म्हणालो. आयुष्यभराच्या कामात मी केलेली सर्वांत खोटी नोंद तीच.

शुक्रवारी सकाळी पूजेत असतानाच जेसीबीचा आवाज ऐकू आला. सोवळ्यातच धावलो. यंत्र खाडीच्या बाजूने सुरू झाले होते आणि जवळजवळ निम्मी भिंत खाली आली होती. मातीत काजळीने काळे झालेले चुन्याचे तुकडे पडले होते. मी उरलेल्या भिंतीला पाठ लावून उभा राहिलो.

"गुरुजी, बाजूला व्हा. कागद हाय आपल्याकडं," आप्पा म्हणाले.

"कागद चुकीचा आहे. ही भिंत धर्मशाळेइतकीच जुनी आहे."

"मंग इतके दिस काय मौन व्हतं तुमचं?"

मृण्मयी ओल्या केसांनी धावत आली. तिने एक तुकडा उचलून चोळला, फुटक्या कोनाड्यात हात घालून काजळी पाहिली, मग माझ्याकडे वळली.

"सर, तुम्हाला हे कधी कळलं?"

"सोमवारी."

तिने तिथेच उभे राहून साहेबांना फोन लावला. "सर, माझ्या रिपोर्टमध्ये चूक आहे. मी भिंत तपासली नाही. काम थांबवायला सांगा." माझे नावही तिने घेतले नाही. घेतले असते तर मला सोपे गेले असते.

जेसीबी मागे गेला. हिराबाई आल्या आणि खाडीच्या टोकाकडून बोटाने मोजू लागल्या. तीन कोनाडे गेले होते, चार उरले होते.

"आमचा गेला," त्या म्हणाल्या, आणि सुकट राखायला परत गेल्या.

भिंतीचा उरलेला भाग यादीत आला. सुधारित रिपोर्टमध्ये मृण्मयीने कोनाड्यांचा शोध माझ्या नावे नोंदवला आणि प्रथेचे वर्णन चार ओळींत केले. त्या चार ओळी मी लिहिल्या असत्या त्याहून सरस होत्या. वाचताना मला पुन्हा थोडे टोचले, हेही प्रामाणिकपणे सांगतो.

तेव्हापासून जे दिसेल ते त्याच दिवशी, सोबत काम करणाऱ्याला आधी सांगतो. माझे मन निर्मळ व्हायला अजून किती काळ लागेल, ठाऊक नाही. भिंतीला तेवढी सवड नसते.