तालुका विचारणारा माणूस

दुबईत जबल अली बंदराजवळच्या आमच्या माल पाठवणाऱ्या ऑफिसात तो माझ्या समोर बसायचा. पन्नाशीचा, अल्जीरियाचा. कागद हातात आला की चष्मा कपाळावर सरकवायचा, आणि चूक सापडली की त्या जागी पेनाने तीनदा टकटक करायचा.

पहिल्याच महिन्यात त्याच्या देशात जाणाऱ्या पंपांच्या कागदांवर मी नुसतं गाव लिहिलं आणि पुढे देश. टकटक झाली.

"हबीबी, या नावाची गावं दोन विलायांत आहेत. पंप कुठे पाठवतोस?"

मग त्याने एका पाठकोऱ्या कागदावर मसिला नावाच्या विलायेचा नकाशा काढला. वर डोंगर, मधे खारं सरोवर, खाली वाळू. विलायेच्या पोटात दाइरा, दाइरांच्या पोटात बलदिया. आपला जिल्हा, तालुका, गाव, तसंच. मॅनेजर यायच्या आत त्याने सगळे कागद स्वतः पुन्हा टाइप केले आणि म्हणाला, "खलास." माझी नोकरी वाचली.

"आणि तुझी दाइरा कुठली?"

दुबईत सगळे मला "बॉम्बे?" एवढंच विचारून थांबायचे. मी म्हटलं, "कवठेमहांकाळ." त्याने तो शब्द चार वेळा तोंडात घोळवला, मग गाव आणि जिल्हाही विचारून घेतला.

सहा वर्षांनी मी कायमचा परत आलो. सामानाचं खोकं कार्गोने पाठवायला ऑफिसातच ठेवलं होतं. सवयीने त्यावर मी नाव आणि 'मुंबई, इंडिया' एवढंच लिहिलं होतं.

खोकं थेट गावच्या घरी आलं. 'मुंबई' खोडलेलं होतं. खाली त्याच्या तिरक्या अक्षरात गाव, तालुका, जिल्हा. आणि तालुक्याशेजारी पेनाचे तीन ठिपके.