शोमारीच्या खुणा

किवुलिनी गावात खोटं बोलणं वाईटच समजतात. अपवाद एकच: मासा कुठे सापडला, या प्रश्नाचं उत्तर. त्या प्रश्नाला खरं उत्तर देणारा माणूस एकतर वेडा, नाहीतर गावात नुकताच आलेला जावई. विचारणाऱ्यालाही ठाऊक असतं की उत्तर खोटंच येणार. तरी तो विचारतो, आणि खोटं ऐकून "असं का, वा वा!" म्हणतो. शिष्टाचार आहे तो.

या शिष्टाचारात गाव आदराने म्झे, म्हणजे बुजुर्ग, म्हणतं त्या शोमारी किट्वाना यांचा हात धरणारा त्या किनाऱ्यावर आजवर झाला नाही.

समुद्रात पाट्या लावलेल्या नसतात. तिथे जागा शोधायची ती जमिनीवरच्या खुणांवरून. अमुक झाड तमुक भिंतीवर आलं की एक रेघ, बेटाचं टोक टेकडीला टेकलं की दुसरी. दोन्ही रेघा एकदम जुळल्या की नांगर टाकायचा. प्रत्येकाच्या खुणा वेगळ्या आणि प्रत्येकाच्या पोटात. त्या बाहेर काढायचा दिवस आयुष्यात एकदाच येतो. म्हातारा आपली होडी कायमची वाळूवर ओढून घेतो, त्या दिवशी मुलाला शेजारी बसवतो आणि एकेक खूण सांगतो. त्याआधी सांगणं म्हणजे जिवंतपणी आपले कपडे वाटून टाकणं.

शोमारीकडे अशा चाळीसेक खुणा होत्या. त्यांतली राजाखूण होती जहाजाची. पहिल्या महायुद्धात इंग्रजांच्या तोफांनी बुडवलेलं जर्मनांचं एक लहानसं मालवाहू जहाज. त्याच्या पोटात आता गोबरे मासे राहत होते, एकेक असा की दोघांनी उचलावा आणि तिसऱ्याने वाट करून द्यावी. त्याच जहाजाच्या भट्टीत कोळसा टाकणारा शोमारीचा आजोबा पाझी जहाजाबरोबर तळाशी गेला होता. शोमारीचे वडील तेव्हा दोन वर्षांचे होते. त्यामुळे पाझीचा चेहरा घरात कुणालाच माहीत नव्हता. पण त्याच्या डोक्यावरून मासे काढून तीन पिढ्या जेवल्या होत्या. शोमारी तिथे पहिला गळ सोडताना पुटपुटायचा, "आजोबा, जरा हला, नातवाला जेवायचंय."

एवढे मासे पाहिल्यावर गावाने विचारलंच, आणि शोमारीने सांगितलंच. "मशिदीचं टोक उंच ताडाच्या शेंड्याखाली घ्या, आणि उत्तरेचा खडक कांदळवनाच्या खिंडीत बसवा." तिथे होता एक साधा खडक. पण शोमारी कच्चं काम करणारा नव्हता. तो पहाटे खऱ्या जागी मासे काढायचा आणि उजाडलं की वल्हवत येऊन खोट्या जागी चारचौघांत बसायचा, घाम पुसत. एकदा तर त्याने तिथे स्वतःचं चांगलं जाळं खडकावर फाडून घेतलं आणि किनाऱ्यावर येऊन गळा काढला, "मेलं त्या जहाजाचं डोलकाठीचं लाकूड!" त्यानंतर गावाला शंकाच उरली नाही. तीस वर्षं गाव त्या खडकाला जहाज म्हणत आलं. किनारा समितीचे अध्यक्ष कोम्बो यांनी तर त्या खडकात अडकून सात जाळी फाडली आणि सातही वेळा इंग्रजांना शिव्या घातल्या.

शोमारीचा मुलगा म्फाउमे पंचेचाळिशीचा झाला. त्यालाही बापाने खडकच दाखवला होता. होडी ओढायच्या दिवशी खरं सांगायचं ठरलं होतं. पण तो दिवस उगवेना. चार वर्षांपूर्वी शोमारीच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरला आणि बायकोची ओळख तिच्या खोकल्यावरून पटायला लागली, तरी होडी पाण्यातच बांधलेली. "उद्यापासून जायचंय," तो रोज सांगायचा.

"जा की," त्याची बायको बी सोमोए म्हणायची. "वाटेत नारळाचं झाड आलं तर त्याला सलाम करू नका. काल केलात."

आणि अशात राजधानीहून डॉक्टर तुमाईनी आल्या. औषधाच्या नव्हे, इतिहासाच्या. बरोबर दोन पाणबुडे, पाठीवर बांधायच्या हवेच्या आठ टाक्या आणि एक भाड्याची मोटारहोडी. लढाईत बुडालेली जहाजं हा या किनाऱ्याचा वारसा आहे, त्यांची एक नोंदवही होणार आहे, आणि जे जहाज सापडेल त्याच्यासमोर किनाऱ्यावर एक दगड उभा राहील, असं त्यांनी सभेत सांगितलं. कोम्बो अध्यक्षांनी ताबडतोब छाती पुढे काढली. "सापडेल काय, ताई? सापडलेलंच आहे! त्याची डोलकाठी मी या हाताने चाचपली आहे."

ओसरीवर बसून शोमारीने ही बातमी ऐकली आणि तो इतका हसला की कॉफी नाकातून आली. दोन दिवस तो अत्यंत आनंदात होता. पाणबुडे खडकावर उतरत होते, वर येत होते, मान हलवत होते. कोम्बो त्यांना "जरा डावीकडे बघा, जरा उजवीकडे," असं सांगत होता. सगळी बित्तंबातमी म्फाउमे संध्याकाळी आणायचा.

दुसऱ्या संध्याकाळी तो म्हणाला, "बाबा, त्या बाईंकडे यादी आहे जहाजावर मेलेल्यांची. जर्मनांच्या कचेरीतून आणलीय. अकरा जर्मन, नावं, हुद्दे, जन्मतारखा, सगळं. एकाची तर दाढदुखीची रजासुद्धा लिहिलीय."

"आणि आपले?"

"आपले... 'सत्तावीस स्थानिक कामगार.' बस्स. त्या म्हणाल्या, जहाज सापडलं तर दगडावर त्यांचीही नावं घालू, ज्यांची घरचे सांगतील त्यांची. नाही सापडलं तर दगड नाही."

शोमारीचं हसू कुठल्या कुठे गेलं. ज्याची दाढ दुखली तो कागदावर होता. पाझी आकड्यात होता, आणि आकड्यातला कितवा हेही कुणाला सांगता येत नव्हतं.

"त्या जातायत कधी?"

"उद्या दुपारी. होडी तोपर्यंतच घेतलीय. हवेच्या दोन टाक्या उरल्यात फक्त."

रात्रीचं नारळाचं भात-कालवण शोमारीने पुढे सरकवलं. बी सोमोएने खरकटं उचलताना एवढंच विचारलं, "पोट बिघडलं की मन?" सकाळी म्फाउमेचा हात धरून तो किनाऱ्यावर गेला आणि सगळ्यांसमोर म्हणाला, "जहाज तिथे नाही. मी खोटं सांगितलं होतं."

मग किनारा असा हसला की बगळे उडाले.

"ऐका!" कोम्बो म्हणाला. "तीस वर्षं खोटं बोलला तेव्हा खऱ्यासारखा बोलला. आज खरं बोलतोय तर अगदी खोट्यासारखा! शोमारी, लेका, माझी सात जाळी?"

"खडकावर फाटली. माफ कर."

"आणि डोलकाठी?"

"तुझीच कल्पना."

कोम्बोचा चेहरा कसा झाला ते शोमारीला दिसलं नाही. एरवी त्याने त्यासाठी एक डोळा दिला असता. त्याला ऐकू आला तो फक्त शेजारचा हात सुटल्याचा आवाज. म्हणजे आवाज नव्हताच. म्फाउमेने त्याचं मनगट सोडलं होतं.

"मलाही?" म्फाउमे म्हणाला. "मला पण खडकच दाखवलात?"

"होडी ओढायच्या दिवशी सांगणार होतो रे."

"कधी होता तो दिवस?"

डॉक्टरबाई मध्ये पडल्या. "म्झे, खऱ्या खुणा सांगा. दुपारपर्यंत आपल्याकडे वेळ आहे." त्यांनी खरंच विश्वास ठेवला, का उरलेल्या दोन टाक्या कुठेतरी वापरायच्याच होत्या, हे कळायला मार्ग नव्हता.

म्फाउमेने सुकाणू धरलं आणि मोटारहोडी निघाली. कोम्बोही चढला. फजिती होणारच असेल तर ती त्याला जवळून बघायची होती. शोमारी पुढे बसला, तोंड किनाऱ्याकडे करून, जणू सगळं दिसतंय. आयुष्यात पहिल्यांदाच तो ते शब्द मोठ्याने बोलत होता, आणि त्याला आपण लोकांत कपडे काढतोय असं वाटत होतं.

"जुन्या जकात गोदामाची पांढरी भिंत गोरखचिंचेच्या खोडाआड लपव."

म्फाउमेने सुकाणू वळवलं. बराच वेळ गेला. "लपली," तो म्हणाला. अर्धं काम झालं होतं.

"आता या रेघेवरून हलू नको. सरळ बाहेर जात राहा. समोरच्या वाळूच्या बेटाचं दक्षिण टोक दुसऱ्या टेकडीच्या पायाला टेकलं की थांब. बारा वाव खोल पाणी. त्याखाली जहाज."

इंजिन चालत राहिलं.

"टेकलं?"

"बाबा, कुठलं टोक?"

"वाळूचं. पांढरं, लांब, सुरमईच्या शेपटीसारखं."

"ती शेपटी दोन वर्षांपूर्वीच्या वादळात गेली. बेट अर्धं राहिलंय. आता ते गोल आहे, भाकरीसारखं."

शोमारीने डोळे चोळले, जणू बेट गेलं नसून मोतीबिंदूच आडवा आला होता. वादळ झालं ते त्याला माहीत होतं. आपल्या छपराची झावळी उडाल्याचं तो तिखटमीठ लावून सांगायचा. पण बेटाचं टोक गेल्याचं त्याला कुणी सांगितलं नव्हतं. का सांगतील? त्या टोकाची कुणाला गरज आहे, हेच कुणाला माहीत नव्हतं.

"मला सांगायचं नाही का?" तो ओरडला.

"तुम्ही विचारलंत का?" म्फाउमेही ओरडला. मग आवाज खाली आणून म्हणाला, "चार वर्षांपूर्वी मी विचारलं होतं. तेव्हा टोक होतं. तुम्ही म्हणालात मशिदीचं टोक आणि ताडाचा शेंडा."

कोम्बो उगाच नांगराचा दोर गुंडाळायला लागला.

उरली एकच रेघ. एका रेघेवर समुद्रात जागा सापडत नाही, नुसतं सरळ जाता येतं. शोमारी पाण्यात हात घालून बसला. इथे लाट जराशी तिरकी येते, तळाला काही आडवं असलं की येते तशी, असं तो म्हणाला. मग पुढे गेल्यावर म्हणाला, इथेही येते. डॉक्टरबाईंनी घड्याळ बघितलं आणि पहिल्या पाणबुड्याला सोडलं. नदीला पूर येऊन तिचं पाणी समुद्रात उतरलेलं होतं, सगळं ताकासारखं गढूळ. पाणबुडा वर आला आणि म्हणाला, "स्वतःची बोटं दिसत नाहीत. चाचपलं तेवढी वाळू."

"पुढे चला," शोमारी म्हणाला. "अजून थोडं."

दुसरा पाणबुडा बराच वेळ खाली होता. तेवढ्या वेळात शोमारीने तीनदा विचारलं, "आला?" आणि बुडबुडे अजून येतायत, असं तीनदा त्याला कोम्बोने सांगितलं. नीट, थट्टा न करता. पाणबुड्याने वर येताना एक काळं ढेकूळ आणलं. शोमारीने ते दोन्ही हातांत घेतलं, हुंगलं. "कोळसा! भट्टीचा कोळसा आहे हा, ताई!" त्याने ते घट्ट धरलं. ते बोटांमधून चिखल होऊन गळायला लागलं आणि त्याच्या पांढऱ्या सदऱ्यावर उतरलं. तरी तो मूठ उघडेना. शेवटी म्फाउमेने ती उघडली आणि पाण्यात धुतली, लहान मुलाची धुतात तशी.

"पुढच्या वर्षी याल?" शोमारीने विचारलं.

"पुढच्या वर्षी वरचा किनारा आहे, म्झे. इथली नोंदवही या महिन्यात बंद होते." डॉक्टरबाई वाईट नव्हत्या. त्यांनी वही उघडली. "तरी आजोबांचं नाव सांगा. मी लिहिते."

"पाझी. मकुंगूचा मुलगा, म्हणून पाझी वा मकुंगू. कोळसा टाकायचा." तो थांबला. आणखी काय सांगावं? दाढ दुखायची की नाही हे त्याला माहीत नव्हतं. "पोहायला चांगला होता म्हणतात."

पेन चाललेलं त्याने ऐकलं. "काय लिहिलंत? सगळं वाचा."

त्यांनी वाचलं. "'जहाज सापडले नाही. जागा अनिश्चित. पाझी वा मकुंगू नावाचा एक कामगार जहाजावर होता असे सांगतात. पुरावा नाही.'"

"सांगतात नाही. मी सांगतोय."

"हो, तेही लिहिलंय. 'माहिती देणारे: शोमारी किट्वाना, मासेमार, किवुलिनी.'"

कोम्बोला हसू फुटलं. त्याचा इलाज नव्हता. या किनाऱ्यावर शोमारीच्या शब्दाची किंमत काय, ते तीस वर्षं आणि सात जाळी घालवून शिकलेला माणूस तो. पण हसू अर्ध्यावरच थांबलं, आणि त्याने तोंड दुसरीकडे केलं. होडीत कुणीच कुणाकडे बघेना. शोमारी तेवढा सगळ्यांकडे बघत होता, आणि त्याला कुणी दिसत नव्हतं.

होडी परत वळली. इंजिनाचा आवाज वाढला. शोमारी चाचपडत मागे सरकला, सुकाणूपाशी, मुलाच्या गुडघ्याला गुडघा लावून बसला.

"ऐक," तो म्हणाला. "सुरमईची जागा. शाळेचं छप्पर दोन नारळांच्या मध्ये घे, आणि..."

"शाळेचं छप्पर बदललं, बाबा."

"बरं. मग शेवंडांची. थडग्यांची भिंत कड्याखाली आली की..."

तो एकेक सांगत राहिला, सगळ्या चाळीस, मोठमोठ्याने, भाड्याच्या होडीत, समितीच्या अध्यक्षांसमोर. कुणी ऐकू नये म्हणून आयुष्यभर ज्यांना जपलं त्या खुणा आता कुणी ऐकल्या तर बरं होईल, असं झालं होतं. म्फाउमे किनाऱ्याकडे बघत होडी हाकत होता. प्रत्येक खुणेनंतर बाप थांबायचा, आणि म्फाउमे म्हणायचा, "हं."