मंगळवारचे अंगठे

"मॅडम, अंगठे चालू आहेत ना?" झोनल मॅनेजर साहेबांनी फोनवर नमस्काराच्याही आधी हे विचारलं.

चालू आहेत म्हटलं. चारही.

बाहेरच्या माणसाला हा संवाद वेडगळ वाटेल, म्हणून आधी सांगते. मी तेव्हा लीड डिस्ट्रिक्ट मॅनेजर होते. प्रत्येक जिल्ह्यात एक बँक अग्रणी असते आणि तिचा एक अधिकारी सरकार आणि बाकीच्या बँका यांच्यात निरोप्याचं काम करतो. सरकारचं म्हणणं बँकांना सांगायचं, बँकांचं सरकारला. बोलणी दोघांचीही खायची.

ज्या गावात शाखा नसते तिथं बँक मित्र असतो. म्हणजे एक माणूस, एक लॅपटॉप आणि बोटांचे ठसे घेणारं एक यंत्र. अंगठा ठेवला, आधारशी जुळला, की काम झालं. लासूर स्टेशनच्या अलीकडं एका गावात वंदना नावाची चुणचुणीत बाई आमची बँक मित्र होती. तिच्याकडं एक खास यादी होती. पहिल्या झटक्यात ज्यांचा अंगठा जुळतो असे चार जण: शाळेचे मास्तर, किराणा दुकानवाल्याची सून, एक कॉलेजची पोरगी आणि पोस्टमन. मंत्री येवो नाही तर सचिव, डेमो याच चार अंगठ्यांवर व्हायचा. या चौघांनी राज्याचं बरंच धोरण ठरवलंय, हे त्यांना बिचाऱ्यांना अजून माहीत नाही.

यादीत नसलेला एक अंगठा होता कौसाबाईचा. ती आलं धुवायला रोजानं जायची. शेतातून काढलेलं आलं पाण्यात चोळचोळून धुवावं लागतं. उभा जन्म त्यात गेला की बोटांवरच्या रेषा झिजून जातात आणि यंत्राला काहीच दिसत नाही. अशांसाठी शाखेतला अधिकारी दर मंगळवारी गावात यायचा, समोरचं माणूस ओळखून कागदी स्लिपवर शाईचा अंगठा घ्यायचा आणि पेन्शन हातात द्यायचा. कौसाबाई म्हणायची, "माझं तोंड बँकेला पसंत हाय, अंगठा तेवढा नाय."

आणि नव्या धोरणाच्या मसुद्यात नेमकी हीच स्लिप बंद होणार होती. यंत्र सगळीकडं चालतंय, मग कागद कशाला? ज्यांचा अंगठा जुळत नाही त्यांच्यासाठी डोळे ओळखणारं यंत्र 'टप्प्याटप्प्यानं' येणार होतं. कोणता टप्पा कधी, ते लिहिलेलं नव्हतं. तोवर कौसाबाईनं दुखऱ्या गुडघ्यांनी जीप पकडून, रोजगार बुडवून लासूर स्टेशनची शाखा गाठायची.

मसुद्यावर सरकार बँकांचं मत मागवतं. बँका सहसा एका शब्दात कळवतात, 'सहमत'. मी मात्र दोन पानांचं टिपण लिहिलं. साहेबांनी त्यावर आडवी रेघ मारली.

"मॅडम, निगेटिव्ह लिहू नका. आपल्या झोनमध्ये आजवर एकही डेमो फेल गेलेला नाही."

मला असा संताप आला की घरी जाऊन मी विनाकारण सगळी कपाटं आवरली.

आठवड्याभरात निरोप आला. धोरण पक्कं करण्याआधी मुंबईहून समिती पाहणीला येणार, मंगळवार किंवा बुधवार. साहेब सहा महिन्यांपूर्वीच रत्नागिरीहून बदलून आलेले. म्हणाले, दिवस तुम्हीच ठरवा, फक्त सगळं चकाचक पाहिजे आणि लोक यादीतलेच पाहिजेत. मी मंगळवार ठरवला.

वंदनाला कळवलं तर ती गडबडली. "मॅडम, मंगळवारी तर सायब येतेत ना स्लिपवाले? समदी लाइन हितंच असती."

मला माहीत आहे मंगळवारी काय असतं, म्हटलं. तशी ती फोनवर हसायला लागली.

मंगळवारची आणखी एक गंमत आहे, ती इथल्या शाळेतल्या पोरांनाही ठाऊक असते. त्या दिवशी वेरूळची लेणी बंद असतात. आमच्या जिल्ह्यात येणारी कोणतीही समिती गावात दहा मिनिटं बसते आणि घड्याळ बघत वेरूळला पळते. साहेबांना हे कळलं ते समितीच्या गाडीत, ड्रायव्हरकडून. त्यांनी वळून माझ्याकडं असं पाहिलं की काय सांगू. मी म्हटलं, बरंच झालं सर, गावाला वेळ देता येईल.

डेमो झकास झाला. चारही अंगठे एका दमात जुळले. पोस्टमनला तर इतकी सवय की त्यानं फोटोसाठी मान आपोआप तिरकी केली. टाळ्या झाल्या, चहा आला. एरवी इथं मंडळी उठतात. पण जायचं कुठं? समितीचे अध्यक्ष, सत्तरीला आलेले निवृत्त सचिव, कप हातात घेऊन पाय मोकळे करायला बाहेर पडले. बाहेर लिंबाखाली वीस-पंचवीस बायाबापडे बसले होते.

"ही कसली रांग?" त्यांनी विचारलं.

साहेब माझ्या आधी बोलले. म्हणाले, किरकोळ तांत्रिक अडचण आहे सर. मी गप्प बसले. नोकरीत मी इतकी शहाण्यासारखी फार कमी वेळा गप्प बसले असेन.

कौसाबाईनं तळहात पुढं करून सांगून टाकलं, तिचा अंगठा मशीन घेत नाही. अध्यक्ष सज्जन माणूस. ते समजुतीनं म्हणाले, "आजी, तुम्ही नीट दाबत नसाल. चला, मी दाखवतो."

आत जाऊन त्यांनी स्वतःचा अंगठा यंत्रावर ठेवला. वंदनानं तत्परतेनं त्यांचा आधार नंबर विचारून टाकला. यंत्र विचार करत बसलं आणि लाल झालं. जुळत नाही. त्यांनी अंगठा थर्मामीटरसारखा झटकला, रुमालानं पुसला, पुन्हा ठेवला. नाही. साहेब सॅनिटायझर घेऊन धावले. तरी नाही. म्हातारपणीही रेषा पुसट होतात, यंत्राला हुद्दा कळत नाही. खरं सांगते, एवढं मात्र मी ठरवलेलं नव्हतं.

कौसाबाई सगळं निरखून बघत होती. तिनं मनापासून विचारलं, "सायब, तुमी बी आलं धुता व्हय?"

कोणी हसलं नाही. मग अध्यक्षच हसले आणि सगळं गाव हसलं. वेरूळ बंद असल्यामुळं ते तिथं दोन तास बसले, एकेकाचे हात बघत, वहीत लिहीत. निघताना त्यांनी बँकेचं याबाबत काही टिपण आहे का विचारलं. माझ्या पर्समध्ये ते होतं. योगायोगच म्हणायचा.

काही महिन्यांनी अंतिम धोरण आलं. स्लिप कायम. शिवाय यंत्रानं नकार दिला तर बँकेनं स्लिप दिलीच पाहिजे, असं जास्तीचं वाक्य. राज्याच्या बँकर्स कमिटीत साहेबांनी उठून सांगितलं की ही सूचना मुळात आमच्या झोनची. मी टाळ्या वाजवल्या. नव्या लोकांना एवढंच सांगेन: मीटिंगचा दिवस ठरवायचं काम तुमच्याकडं असेल, तर मत मांडायची फार घाई करू नका.

निवृत्तीआधीच्या शेवटच्या मंगळवारी मी त्या गावात गेले. कौसाबाईनं स्लिपवर शाईचा अंगठा उठवला, पैसे पदराला बांधले आणि मला बाजूला घेऊन हळूच विचारलं, "मॅडम, त्या मुंबईच्या सायबाचं पेन्शन निघतंय का आता? नसंल निघत तर म्हणावं, मंगळवारी हितं येत जा. माझ्या वळखीचे हायेत, मी सांगते बँकेला."