बाईंची वही

बाईंना काही विचारलं की त्या आधी वही उघडायच्या आणि विचारणाऱ्याचं नाव लिहून घ्यायच्या. पालघरकडच्या वारली पाड्यावरच्या त्या शिक्षिका. रजा काढून कोल्हापूरला एम. ए. करायला आलेल्या. आम्हा सगळ्यांपेक्षा वयानं मोठ्या, म्हणून बाई. आदिवासी साहित्य, माध्यमं आणि अस्मिता असा आमचा पेपर होता आणि वर्गात आदिवासी त्या एकट्याच, त्यामुळे सगळे त्यांच्यावरच तुटून पडलो. "तुम्ही माझ्यावर लिहा, मी तुमच्यावर लिहिते," एवढंच त्या म्हणाल्या.

माझा लघुप्रबंध तर त्यांच्या मुलाखतीवरच उभा राहणार होता. आपुलकी दिसावी म्हणून मी वारली चित्रांचा नवा कुडता घालून गेलो. बाईंनी तो बराच वेळ पाहिला. मग सांगितलं, की हा लग्नाचा चौक, लग्नघराच्या भिंतीवर सवाशिणी काढतात. "तुम्ही पोटावर घातलाय. नवरी कोण?" गडमुडशिंगीला घरी पोचेपर्यंत मी बॅग पोटाशी धरून होतो.

मुलाखत मात्र आमच्या घरी, बाईंना जेवू घातल्यावर, तासभर झाली. प्रबंधात मी बाईंच्या तोंडी अशी वाक्यं घातली की वाचून मलाच भरून आलं. जिची मुलाखत तिची सही हवी, असा विभागाचा नियम होता. बाईंनी सगळं वाचलं आणि सही न करता रेकॉर्डिंग पुन्हा ऐकायला सांगितलं. ऐकलं. तासभर मीच बोलत होतो. "म्हंजे तुमच्यात असं असतंय, व्हय की न्हाय?" असं विचारायचं, त्यांनी "हं" म्हणायचं, की मी पुढं सुरू.

प्रबंध द्यायला चार दिवस उरले होते. साधा शर्ट घालून गेलो आणि म्हटलं, "बाई, चुकलं माझं. ह्या खेपंला गप बसतो."

बाई दोन दुपारी बोलल्या. मला हव्या असलेल्या सणांवर नाहीच. लहानपणी शाळेत घरची भाषा बोलल्या म्हणून दिवसभर उभं केलं होतं, ते सांगितलं. आता त्या आपल्या वर्गाची हजेरी त्याच भाषेत घेतात. मी खरंच गप बसलो. सही मिळाली.

परीक्षा संपल्यावर त्यांना स्टँडवर सोडायला गेलो, तेव्हा धीर करून वही मागितली. माझ्या नावाखाली लिहिलं होतं : 'हे लोक पाहुण्याला जेवल्याशिवाय सोडत नाहीत, आणि बोलू देत नाहीत.' त्याखाली वेगळ्या शाईत, प्रगतिपुस्तकात लिहितात तसा शेरा : 'सुधारणा आहे.'

एवढा मोठा शेरा मला पुन्हा कुणी दिला नाही. वही परत करताना काहीतरी बोलायचं होतं, पण तेवढ्यात एसटी लागली आणि मी बाईंची पिशवी आत चढवली. बाईंनी खिडकीतून एकदा माझ्याकडे पाहिलं, वही उघडली आणि पेनाचं टोपण काढलं.