भूकंप आणि एक चुरगळलेला शर्ट

कडकभाऊंचे खरे नाव हॉटेलच्या हजेरीपटावर होते आणि ते तेथेच राहिले. धुलाई विभागातल्या सोबत्यांनी त्यांना हे नाव दिले ते शर्टावरून. स्वभावाने गृहस्थ लोण्यासारखा मऊ. पण कॉलर अशी की तिच्यावर भरला पेला ठेवावा आणि थेंब सांडू नये. वडील गल्लीच्या तोंडाशी कोळशाची इस्त्री चालवीत. जगाच्या सुरकुत्या काढणाऱ्याने स्वतः चुरगळलेले हिंडू नये, एवढा एकच वारसा त्यांनी मुलाला दिला होता. दिवसभर परक्यांचे कपडे झाले की शेवटचा हात स्वतःच्या शर्टावर फिरवायचा, हा नेम कडकभाऊंनी परदेशातही मोडला नव्हता.

तिकडे जायला निघताना आईने त्यांचा हात आपल्या डोक्यावर ठेवून घेतला होता. शेजारच्या निवृत्त मास्तरांनी तिला सांगितले होते की, त्या देशातली जमीन अधूनमधून हलते. आईने एकच अट घातली, "तिथली भुई हलली की मी म्हणेन त्या दिवशी परत यायचं. तोंड वर करून बोलायचं नाही." कडकभाऊंनी शपथ घेतली. आईला दिलेला शब्द त्यांनी जन्मात खाली पडू दिला नव्हता, आणि आईलाही हे पक्के ठाऊक होते.

भुई हलली ती नेमकी नको तेव्हा. इस्त्री विभागाचा म्हातारा मुकादम येत्या महिन्यात निवृत्त होणार होता आणि त्याची जागा कडकभाऊंना द्यायचे व्यवस्थापकाने तोंडी कबूल केले होते. आयुष्यभर दुसऱ्याच्या हाताखाली राबलेल्या माणसाला आपल्या हाताखाली चार माणसे येणार असतील, तर त्याला झोपेतही त्या माणसांना सूचना देण्याची सवय लागते. कडकभाऊंना लागली होती.

धक्का बसला त्या वेळी ते एका पाहुण्याच्या पँटला धार काढीत होते. भिंतीवरचे घड्याळ खाली आले, साबणाचे पिंप गडगडत निघाले, सगळे जण दाराकडे धावले. कडकभाऊंनी आधी इस्त्री उभी केली, मग बटण बंद केले, मग पँट हँगरला लावली आणि मगच जीव मुठीत धरून पळाले. जीव एका मुठीत, हँगर दुसऱ्या मुठीत. बाहेर मैदानात लोक रडत होते, एकमेकांना मिठ्या मारीत होते. कडकभाऊ मात्र धार मोडू नये म्हणून हात उंच धरून उभे होते. बऱ्याच वेळाने अंगाला टॉवेल गुंडाळलेले एक स्थूल गृहस्थ गर्दीतून आले, पँटकडे पाहतच राहिले आणि मग त्यांनी कडकभाऊंना असे कवटाळले की धार मोडली ती तेव्हाच.

दैव बरे म्हणून हॉटेलात कोणी दगावले नाही. पण कडकभाऊ ज्या खोलीत राहत तिची एक भिंत कलली आणि इमारतीला कुलूप लागले. सगळ्यांचा मुक्काम मैदानात पडला. कडकभाऊंचा खोलीतला सोबती म्हणजे हॉटेलातला आचारी. हाही मराठीच, तोंडाने तिखट, हाताने उदार. त्याने मैदानात लाकडाची चूल मांडली आणि शेकडो लोकांचे रांधायला घेतले.

दुसऱ्या दिवशी दुपारी फोन लागू लागले. पहिला फोन बायकोचा आला.

"तुम्ही धड आहात ना? खरं सांगा."

"धड आहे गं. आईला कळलं का?"

"अजिबात नाही. टीव्ही बिघडलाय म्हणून सांगितलंय. पण कालपासून तुमचा फोन नाही, म्हणून तोंड फुगवून बसल्यात. संध्याकाळी व्हिडिओ लावा. आणि मागे तुमची ती नेहमीची भिंत दिसू द्या, नाहीतर त्यांना लगेच वास येईल."

भिंत तर कुलपात होती. आचारी म्हणाला, "सांगून मोकळा हो. आईच ती, वाघीण नव्हे."

"ती 'ये' म्हणाली की मला यावं लागेल. मग मुकादमकी गेली उडत."

"मग कर नाटक. पडदा मी धरतो."

धुलाईघरातून निघालेल्या गाठोड्यात धुतलेल्या, इस्त्रीच्या चादरी होत्या. त्यांतली सर्वांत पांढरी चादर दोन बांबूंना ताणून बांधण्यात आली. तिच्यावर टाचणीने एक कॅलेंडर लागले. घडीची रेघ दिसते म्हणून कडकभाऊंनी चादर पुन्हा सोडून उलटी बांधली. आचारी वैतागला. "अरे, आईला फोन करतोयस की सिनेमा काढतोयस?" शेवटी सगळे मनासारखे झाले. चादरीवर एक सुरकुती नव्हती. कडकभाऊ तिच्यापुढे ऐटीत बसले आणि फोन लावला.

आईचा चेहरा आला. ती शांत होती. जेवलास का, झोपलास का, सगळे विचारून झाले. कडकभाऊंनी खोटे बोलण्यापूर्वी माणूस करतो तसा घसा साफ केला.

"काल फोन बंद पडला होता गं. बाकी इकडे सगळं एकदम ठीक."

"हो का? बरं." आईने फोन डोळ्यांजवळ नेला. "मग शर्टाला काय झालं?"

कडकभाऊंनी खाली पाहिले. रात्र त्यांनी मैदानात उघड्यावर, त्याच शर्टात काढली होती. कॉलर एका बाजूने मान टाकून पडली होती, बाह्या कुस्करलेल्या कागदासारख्या झाल्या होत्या. सगळ्या मैदानातली एकूण एक सुरकुती त्यांना दिसली होती. आपली तेवढी दिसली नव्हती.

"ते... जरा वीज गेलीय."

"वीज गेलीय! भिंती पडल्या ते सांग की. टीव्हीची पिन उपसून ठेवली की टीव्ही बिघडतो होय रे? कालच दूधवाल्यानं सांगितलं मला. सूनबाईला वाटतं, मला माहीत नाही. तिला बिचारीला कशाला घोर, म्हणून मीही गप्प बसले. आणि तू फोनवर बोललास, धड दिसलास, म्हणून आताही गप्पच बसणार होते." तिचा आवाज हलला. "पण तुला असा कधी पाहिला नाही रे मी. तुझे वडील गेले त्या दिवशीसुद्धा तू असा नव्हतास."

मागे बायकोचे "अगंबाई!" ऐकू आले. आपली माणसे समुद्रापलीकडे असली की प्रेमाचे निम्मे काम लपवाछपवीतच जाते. पण एकाच घरातल्या तीन माणसांनी एकच गोष्ट एकमेकांपासून लपवावी, हा कारभार विरळाच.

"आई, शपथ माझ्या लक्षात आहे," कडकभाऊ हळूच म्हणाले. "तू म्हणशील तसं."

आई डोळे पुसून म्हणाली, "शर्टाला इस्त्री कर. मग फोन लाव. मग बघू."

"वीज नाही गं!"

"तुझ्या वडिलांना पहिली इस्त्री मिळाली त्याआधी काय लोक उघडे हिंडत होते? तांब्यात निखारे घाल!" आणि फोन बंद झाला.

कडकभाऊ आचाऱ्यापुढे जाऊन उभे राहिले. आचाऱ्याने एकवार त्यांच्याकडे, एकवार आपल्या सपाट बुडाच्या, दांड्याच्या पातेल्याकडे पाहिले. "हे घ्या मुकादम. आता माणसं जेवतील की शर्ट, ते तुम्हीच ठरवा." पण चुलीतले निखारे त्यानेच चिमट्याने वेचून भरले.

पाट पालथा घातला, त्यावर चादरीची घडी टाकली, बुडाची काजळी घासून काढली. पहिल्यांदा हात चुकला आणि बाहीवर पिवळसर डाग पडला. मग हाताला वजन कळले. पाण्याचा शिपका, वर पातेले, वाफ. भोवती माणसे जमली. ते टॉवेलवाले गृहस्थ आपली ती पँट, आता पुरती चोळामोळा झालेली, हातावर घेऊन अदबीने उभे राहिले. त्यांच्यामागे एक बाई मुलीचा फ्रॉक घेऊन आल्या. खायला रांग होती, पाण्याला रांग होती. ही तिसरी रांग कोणी सांगितल्याशिवाय लागली. छप्पर नसलेल्या माणसाला कडक कॉलर काय कामाची, असे कोणी विचारले नाही. म्हातारा मुकादम तर स्वतः पाणी शिंपडायला बसला.

उजेड होता तोवर दुसरा फोन लागला. आईने सावकाश पाहणी केली: कॉलर, खांदे, बाह्या. मागची चादर केव्हाच इस्त्रीच्या पाटावर गेली होती. तेथे आता मैदान दिसत होते, कललेली इमारत दिसत होती आणि कपडे घेतलेली रांग दिसत होती.

"ती माणसं कुणाची वाट बघतायत?"

"माझी."

आईने पदर नीट केला. मग नेहमीच्या करड्या आवाजात म्हणाली, "कॉलर अजून साधलेली नाही. बाहीही भाजलीयस. वडिलांचा हात नाही तुला. एवढ्यात येऊन काय करशील इथं? राहा तिथंच, नीट शीक. आणि झोपायचं ते मोकळ्यावर, ती भिंत नीट होईपर्यंत."

"बरं."

"आता फोन ठेव. पातेलं निवेल."