परकार सरांनी रंगवलेले हातमोजे

हमीद परकार सर पंचाहत्तरीत पोहोचले, आणि त्यांच्या गौरवग्रंथात लिहायचा मान मला मिळाला, याचा आनंद मोठा आहे. मी वेल्डर माणूस. वाक्य कुठे वाकडे जुळले तर मंडळींनी सांभाळून घ्यावे.

सरांची पहिली भेट माझ्या लबाडीमुळे झाली. आखातात कंपनीने मला रुवैसहून फुजैराच्या तेलटाक्यांच्या कामावर पाठवले होते. गावी मात्र मी सुपरवायझर असल्याची थाप मारून ठेवली होती. आईला ते पटावे म्हणून सुटीवर जाताना स्वतःचे साहेबी चित्र न्यायचे ठरवले. रत्नागिरीकडचे एक सर बंदरातली नोकरी सांभाळून माणसांची चित्रे काढतात, असे कळले. रूममेटचा कोट चढवून मी त्यांच्या दारात उभा राहिलो. सवयीने कामाचे हातमोजे कोटाच्या खिशात खुपसलेले होते.

सर हसले नाहीत. भिंतीवरच्या जुन्या इटालियन व्यापाऱ्यांच्या चित्रांकडे त्यांनी बोट दाखवले. "चेहरा मागाहून बघ, आधी बाही बघ. ही मखमल, ही फर, हातातले हे चामड्याचे हातमोजे. आपली ऐपत लोकांना दिसावी म्हणून ही मंडळी नटून बसायची. तू काय वेगळं करतोयस? यल्ला, चल, बस."

कामात सर फार शिस्तीचे. समोर दुबई मरीनातले शेठ असोत की कॅम्पातला मजूर, कापडाची चुणी मनासारखी उतरेपर्यंत ते पुढे सरकत नाहीत. तो उसना कोट त्यांनी असा रंगवला, की रूममेट स्वतःच्याच कोटाकडे संशयाने बघू लागला.

शेवटच्या दिवशी पाहतो तर चित्रातल्या माझ्या हातात वेल्डिंगचे हातमोजे, ठिणग्यांच्या डागांसकट. "सर, हे मिटवा. आई ओळखेल, सगळं खलास होईल."

सरांनी ब्रश माझ्या हाती दिला. "मला ते त्या इटालियन हातमोज्यांच्या तोडीचे वाटले. तुला लाज वाटत असेल तर तूच मिटव."

बराच वेळ मी ब्रश धरून बसलो. मिटवता आले नाही. सरांनी तेवढ्यात चहा केला, पण उपदेशाचा एक शब्द काढला नाही.

गावी आईने चित्र उजेडात धरून निरखले. "कोट कुणाचा आणलास रे?" मग हातमोज्यांवरून बोट फिरवीत म्हणाली, "हे मात्र तुझे आहेत." आणि आल्या-गेल्याला दिसेल असे तिने ते चित्र बाहेरच्या खोलीत लावले. मला रडू आवरले नाही.

परत येताच मी सरांचा विद्यार्थी झालो. येत्या हिवाळ्यात आई व्हिजिट व्हिसावर इकडे येते आहे. सरांसमोर चित्रासाठी बसायचे म्हणून तिने नथ पेटीतून काढून ठेवली आहे, आणि हातात काय धरू, असे रोज फोनवर विचारते.

सर, आपली नजर आणि आपला हात असेच स्थिर राहोत, आपण सुखाने शंभरी गाठावी. आईला ते उत्तर आपणच द्यायचे आहे.