आधी पॉलिसी नंबर, मग 'आई गं'

माझ्या आतोबांइतकी दुसऱ्याच्या आजारपणाची मनापासून तयारी करणारा माणूस अख्ख्या बडोद्यात झाला नाही. आतोबा म्हणजे माझ्या आत्याचे यजमान. आई-वडील लवकर गेल्यामुळे मी या दोघांच्याच घरी, सुभानपुऱ्यात वाढलो. आतोबांचे आजोबा संस्थानच्या फौजेत हवालदार होते. फौज गेली, संस्थान गेलं, पण कवायत रक्तात उरली. नव्वदनंतर मकरपुऱ्यातल्या त्यांच्या कारखान्याने माणसं कमी करायला घेतली, तेव्हा आतोबा स्वेच्छानिवृत्ती घेऊन घरी बसले. बसले कसले, विम्याचे एजंट झाले. त्याच सुमाराला मकरपुऱ्यातला जो तो वेल्डर, फिटर, टर्नर व्हिसाच्या मागे लागला होता, आणि जाणाऱ्याला आरोग्य विमा हवा असायचा. इतर एजंट पॉलिसी हातात ठेवून पेढा खायचे. आतोबा आधी माणसाला आजारी पाडायचे.

त्याला ते 'सराव' म्हणत. गिऱ्हाइकाला ओसरीवरच्या झोपाळ्यावर आडवं करायचं, पोटावर हात ठेवायला लावायचं आणि कानाशी आमच्या घरचा बंद पडलेला फोन द्यायचा. आतोबा स्वतः मदतकेंद्रातली बाई व्हायचे आणि असलेल्या मिश्या विसरून बारीक आवाजात इंग्रजी बोलायचे. समोरच्याने नाव, पॉलिसी नंबर, कुठे दुखतंय, कधीपासून, हे सगळं न अडखळता सांगायचं. लाइन होल्डवर गेली की आत्या स्वयंपाकघरातून गरबा गुणगुणायची. फोडणी जळायला आली तर होल्ड लवकर संपे. जवळच्या पादरा गावचा एक धिप्पाड वेल्डर झोपाळ्यावर पडल्या पडल्या कळवळून "ओय मा रे!" ओरडला, तेव्हा आतोबांनी झोपाळा पायाने थांबवला. "ओय मा रे नंतर. आधी पॉलिसी नंबर. चाल, फरीथी, पहिल्यापासून!" बिचारा तिसऱ्या खेपेला खरंच घामाघूम झाला. "काका, हजी प्लेनमां बेठो नथी ने तमे मने मारी नाख्यो!" म्हणाला. विमानात बसायच्या आधीच आतोबांनी त्याला मारलं होतं. आत्याने त्याला लिंबू सरबत दिलं, आतोबांनी पुन्हा आडवं केलं.

दातांबाबत तर ते कोणाचं ऐकत नसत. परदेशी विम्यात दात येत नाहीत, म्हणून दातांचा निकाल बडोद्यातच लावून जायचं, असा त्यांचा दंडक. जाणाऱ्या प्रत्येकाला ते स्कूटरवर बसवून ओळखीच्या दातांच्या डॉक्टरकडे नेत आणि दारात पहारा देत. कॅनडाला एका कारखान्याच्या टूलरूममध्ये मला नोकरी लागली तेव्हा माझी चांगली ठणठणीत अक्कलदाढ यात कामी आली. "दुखत नाहीये हो!" मी म्हणालो. "आज नाही दुखत. टोरांटोत दुखेल," आतोबा म्हणाले. डॉक्टरांनीही मान डोलावली; त्यांचा धंदा आतोबांवरच चालला होता.

या वेडाचं मूळ मला आत्याने सांगितलं, मी बॅग भरत होतो तेव्हा. आतोबांचा धाकटा भाऊ पूर्वी आखातात वेल्डर म्हणून गेला होता. विमा नव्हता. पोटात दुखायला लागलं, तर दवाखान्याचा खर्च कोण देणार म्हणून गप्प राहिला. खोलीतल्या माणसांनाही बोलला नाही. पुढे त्याची बॅग तेवढी घरी आली. "म्हणून रे सगळ्यांना बोलायला शिकवतात," आत्या म्हणाली आणि बॅगेत मेथीचे ठेपले कोंबायला लागली. त्या दिवशी मी सराव न कुरकुरता केला. तरीही शेवटी सवयीने तोंडातून "आई गं" आधी निघालं आणि आतोबांनी मला नापास केलं. स्टेशनवर पोचवायला आले तेव्हाही त्यांनी आशीर्वादाऐवजी पॉलिसी नंबरच विचारला. मी एक आकडा चुकलो. गाडी हलली तरी ते खिडकीबरोबर चालत बरोबर आकडा ओरडत होते.

तिकडच्या सरकारी दवाखान्याचं कार्ड हातात यायला काही महिने जातात. ते यायच्या आतच एका संध्याकाळी खोलीत एकटा असताना माझ्या पोटात अशी कळ आली की मी जमिनीवर बसलो. खर्चाच्या भीतीने क्षणभर मलाही वाटलं, गप्प पडून राहावं, सकाळपर्यंत थांबेल. मग मला तो झोपाळा आठवला. मी मदतकेंद्राला फोन लावला आणि नाव, नंबर, कुठे, कधीपासून, एका दमात सांगितलं. बाईने होल्डवर ठेवलं. पियानो वाजायला लागला आणि मी मात्र गरब्याची वाट पाहत राहिलो. ॲम्ब्युलन्स आली. अपेंडिक्स होतं, आणखी थोडा उशीर झाला असता तर फुटलं असतं, असं डॉक्टर म्हणाले. ऑपरेशनला नेण्याआधी, घरी कोणाला कळवायचं, असं नर्सने विचारलं आणि माझ्याच हातात फोन दिला.

बडोद्यात सकाळ होती. मागे आत्याच्या देवपूजेची घंटा वाजत होती. मी सगळं सांगितलं. ती घंटा थांबली.

"नंबर सांगितलास?" आतोबांनी विचारलं.

"हो."

"बराबर?"

"एकही आकडा चुकलो नाही."

"आणि ओरडला नाहीस ना मध्येच?"

"नाही."

"शाबास," आतोबा म्हणाले. त्यांचा आवाज मदतकेंद्रातल्या बाईपेक्षाही बारीक झाला होता. "पास झालास. आता म्हण, बेटा."

मला काय ते कळलं. कधीपासून दाबून धरलं होतं ते सगळं एकदम वर आलं आणि परक्या देशात, परक्या माणसांसमोर, मी चांगला मोठ्याने ओरडलो, "आई गं!"

पलीकडे आतोबांच्या हातातून कोणीतरी फोन घेतला.

"ओ," आत्या म्हणाली. "मी आहे रे इथे."